गुंडूचा श्रावण

२४ जुलै, गुरुवार
ईशान सकाळी बेंगळुरातल्याच मारतहळ्ळीहून आला, त्याचा बेडूक आमच्या हॉलमध्ये ठेवला आणि एअरपोर्टला गेला. कंपनीच्या कामासाठी महिनाभर जर्मनी. बेडूक ऑस्ट्रेलियन जातीचा, हिरवा, चांगला तळहाताएवढा. नाव गुंडू. काचेची पेटी, आत फांद्या, पाण्याचं भांडं आणि शिवाय जिवंत रातकिड्यांचा एक डबा. हे त्याचं जेवण.
सूचना देताना ईशान सारखा आईकडे, म्हणजे कल्पनाकडे बघत होता. मी म्हटलं, माझ्याशी बोल, सरकारी कारखान्यात अख्खा विभाग सांभाळलाय मी. त्यावर तो म्हणाला की परत येईन तेव्हा गुंडू जिवंत दिसला पाहिजे. दोनदा म्हणाला. पोटच्या पोराचा बापावर एवढाच विश्वास.

२५ जुलै, शुक्रवार
श्रावण सुरू. घरात कांदा-लसूण बंद. मग रातकिडे कसे चालतील? कल्पनाला डबा बाहेर टाकायला सांगितलं. तिने एका शब्दाने वाद घातला नाही. निवृत्तीनंतर माझा शब्द घरात पहिल्यांदाच असा पाळला गेला.
संकल्प: ईशान परत येईपर्यंत गुंडूला पूर्ण शाकाहारी करणे. ट्रेनिंग नीट दिलं तर कोणीही सुधारतो.

२६ जुलै, शनिवार
भिजवलेली मूगडाळ: बघितली नाही. उकडलेला बटाटा: त्यावर बसला.
यूट्यूबवर कळलं की बेडकाला हलणारंच अन्न दिसतं. पनीरचा तुकडा शिवणाच्या दोऱ्याला बांधून त्याच्या नाकासमोर हलवत बसलो. खांदा भरून आला. गुंडूने एकदा सावकाश डोळे मिटले. विचार करत असावा.

२८ जुलै, सोमवार
श्रावणी सोमवार. गुंडूला सोबत म्हणून मीही कडक उपास केला. साबुदाण्याची खिचडी (दोनदा), रताळ्याचा कीस, वेफर्स, शिंगाड्याचा शिरा. गुंडूने मात्र काहीच घेतलं नाही. त्याचा निग्रह माझ्याहून जास्त, हे मोकळेपणाने मान्य करतो.
पाण्यातही सुधारणा. ईशान म्हणतो, नळाचं पाणी बादलीत उघडं ठेवून मगच घाला. त्यापेक्षा मी तांब्याच्या कळशीतलं घालतो. वर्षानुवर्षं पितोय, मला कुठे काय झालं?

१ ऑगस्ट, शुक्रवार
यश. दुपारी झोपून उठलो तर बशीतलं पनीर गायब आणि गुंडूचं पोट गोल. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिला, वजन वाढलंय. (कल्पना भडकली. काटा दोनदा घासला.) म्हणजे तो खातो, फक्त मी झोपल्यावर. लाजाळू आहे. कल्पनाला विचारलं, तू काही पाहिलंस का, तर म्हणाली, मला कामं असतात.
शेजारचे बिंदुमाधव अण्णा विचारायला आले की तुमच्या मागच्या बाल्कनीतून किर्र किर्र आवाज कसला येतो. त्यांची दहावी पिढी बेंगळुरात, पण फ्रिजचं काही कळत नाही. म्हटलं, तुमच्याच फ्रिजचा कॉम्प्रेसर गेलाय. "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि मेकॅनिकला फोन करायला गेले.

५ ऑगस्ट, मंगळवार
इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष विमलाअक्कांना फोन केला. सतरा तारखेच्या श्रावण संमेलनात माझं व्याख्यान पक्कं. विषय: 'शाकाहारी बेडूक: एक यशस्वी प्रयोग', प्रात्यक्षिकासह. अक्का म्हणाल्या, जेवणाआधी आहे, स्वल्प आवरतं घ्या. साठ स्लाइड्स केल्यात. अठ्ठावन्नवर आणतो.
रिटायर झाल्यापासून मंडळात मला फक्त खुर्च्या मांडायला बोलावतात. आता बघू.

१२ ऑगस्ट, मंगळवार
रंगीत तालीम. पनीर हलवलं, गुंडू ढिम्म. अति तालमीने कलाकार शिळा होतो, म्हणून थांबवली.
कल्पना म्हणते, स्लाइड्स न्या, पण त्याला घरीच राहू द्या. स्टेजची भीती तिला, आणि लादते त्या मुक्या जिवावर.
ईशानला फोनवर प्रयोग सांगितला. तीनदा "काय?" म्हणाला. नेटवर्क. मग आईला फोन दे म्हणाला. दोघं स्वयंपाकघराचं दार लावून बोलली.

१७ ऑगस्ट, रविवार
नवव्या स्लाइडला मागून ताटांचा आवाज यायला लागला, म्हणून प्रात्यक्षिक आधी घेतलं. पेटी उघडली. दोऱ्याला पनीर. हॉल एकदम शांत. माझ्यासाठी एवढी शांतता मंडळात पूर्वी कधी झाली नव्हती.
गुंडूने पनीरकडे पाहिलं नाही. तो पहिल्या रांगेत बसलेल्या विमलाअक्कांकडे बघत होता. त्यांच्या गजऱ्यावर एक पतंग येऊन बसला होता. पुढचं मला नीट सांगता येणार नाही. गुंडू आधी टेबलावर होता, मग अक्कांच्या डोक्यावर होता, आणि पतंगाचा एक पंख त्याच्या तोंडातून बाहेर लोंबत होता. अक्का गजरा, बेडूक आणि अध्यक्षपद घेऊन पळाल्या. सगळे हसत होते. अण्णा तर डोळे पुसत होते.
मी माइकवर म्हणालो की हा अपवाद समजावा. माइक बंद होता.

१८ ऑगस्ट, सोमवार
उपास केला नाही. इच्छा नाही.
दुपारी झोप लागेना म्हणून हॉलमध्ये आलो. कल्पना चिमट्यात रातकिडा धरून पेटीपुढे बसली होती. आणि गुंडू, जो माझ्या पनीरसमोर डोळे मिटायचा, तो काचेला पोट लावून उभा होता. कधीपासून, असं विचारलं. पहिल्या दिवसापासून, म्हणाली. पनीर तीच उचलायची. तांबं बेडकाला विष असतं म्हणून माझं पाणीसुद्धा रोज ओतून द्यायची. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस, सगळ्या गावापुढे शोभा झाली माझी.
ती म्हणाली, "श्रावण तुमचा आहे, त्याचा नाही. घरात एक जीव उपाशी ठेवून मला देवापुढे हात जोडता येईनात. आणि तुम्ही इतके खूश होतात, तेही मोडवेना."
मी पेटीपुढे तिच्या शेजारी बसलो.
म्हटलं, मला देऊ दे. तिने चिमटा दिला. रातकिडा चांगला वळवळत होता, हलवायचीही गरज नव्हती. मी तो अगदी त्याच्या तोंडाशी नेला.
गुंडूने माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले, आणि कल्पनाकडे तोंड करून बसला.