कुणी आणला, त्याच्या नावाने

वाडा, बाजारकुणंगजवळ
४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप मारुतीदादास, धाकट्या देवकीचा शि. सा. न. वि. वि.

अमोलकडे खानापुरात तुझं कंबरेचं हाड सांधत आलंय, हे वाचून बरं वाटलं. सुनेला जाच करू नकोस.

आमच्या शेताच्या वनहक्काची सुनावणी पंचवीस तारखेला आहे आणि तेरा वर्षांपूर्वीचा अर्ज जोयड्याच्या कचेरीत सापडत नाही. तू कारकुनीतून निवृत्त झाल्यावर तुझ्या जागी आलेल्या अंकिताबाई संगणकात सर्व्हे नंबर घालून शोधतात. आमच्या शेताला नंबर नाही. तो मिळावा म्हणूनच तर अर्ज. त्यावर साक्षीदार म्हणून परशू आजा आणि काशी आजीचे अंगठे आहेत. ते दोघंही आता गेले. हे शेत आम्ही तीन पिढ्या कसतोय, असं सांगणारं दुसरं कुणी जिवंत नाही. अर्ज मिळाला नाही तर शेत जंगलात धरतील. कुठल्या नावाने लावलायस, तेवढं कळव. फोनला इथं रेंज न्हाई, तुला माहीत हाय.

माया आहे, ती आटू देऊ नकोस.
देवकी


खानापूर
९ नोव्हेंबर

चि. देवकीस अनेक आशीर्वाद.

जाच सूनच मला करते. रोज बिनमिठाची पेज.

तुमच्या एका वाड्यात सात परशू. अर्जदाराच्या नावाने कागद लावून चाललं नसतं. म्हणून जो माणूस कागद घेऊन खिडकीशी आला, त्याच्या नावाने मी लाल कापडात गठ्ठा बांधला. त्याला आम्ही रुमाल म्हणायचो. माणसं तारीख विसरतात, नंबर विसरतात. कागद कुणाच्या हाती पाठवला, ते विसरत नाहीत. तीस वर्षांत एक कागद हरवला नाही. तुमच्या वाड्याचे कागद कान्हू आणायचा. त्याचा रुमाल सोड. आणि बाईंना सांग, म्हातारा वेडा नव्हता.

लेकीबाळींना आशीर्वाद. पत्राची वाट पाहतो.
मारुती


वाडा
१५ नोव्हेंबर

ती. दादास शि. सा. न.

कान्हूच्या रुमालात वाड्यातल्या चौदा घरांचे अर्ज निघाले. आमचा नाही. अंकिताबाई मात्र खूश आहेत. आता खिडकीशी येईल त्याला त्या पहिल्यांदा विचारतात की कागद कुणाच्या हाती पाठवला होता. लोकांना कागद मिळू लागलेत.

मी कान्हूला गाठलं. तो हसला. म्हणाला, तुझा मी न्हाई नेला वैनी, तुझ्या भावानंच नेला. मग मला आठवलं. तुळशीच्या लग्नाला आला होतास आणि जाताना पिशवीत घालून घेऊन गेलास. तुझ्या नावाचा रुमाल कपाटात नाही. दादा, कुठे लावलास?

रागावले नाही. लवकर लिही.
देवकी


खानापूर
२० नोव्हेंबर

चि. देवकीस आशीर्वाद.

मीच आणला. पण माझ्या नावाने कसा लावू? कारकुनाने बहिणीचा कागद आत घुसवला, असं कुणीतरी म्हटलं असतं. म्हणून त्या दिवशी खिडकीशी जो उभा होता, त्याच्या नावाने लावला. तो कोण, ते आठवत नाही. बाई की पुरुष, तेही नाही.

तुझं पत्र आल्यापासून कपाटातली नावं मनात म्हणतोय. दोनशेच्या वर आहेत. गणेशगुडीचा गुरुदास असावा असं वाटतं. मग वाटतं, धाकलू. अमोल म्हणतो, अंदाज लिहू नका. दुसरं काय लिहू? आधी हे दोन सोड. मला बसवत नाही, नाहीतर आलो असतो.

भावावरचा लोभ ठेव, जमेल तेवढा.
मारुती


वाडा
२७ नोव्हेंबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. गुरुदासच्या रुमालात नाही, धाकलूच्याही नाही. कचेरी बंद होईपर्यंत आणखी नऊ सोडले. शनिवार-रविवार सुटी होती.

सोमवारी सुनावणीत साहेबांनी विचारलं, अर्ज कुणाच्या हाती पाठवला होता. मी म्हटलं, आठवत नाही. तुझं नाव घेतलं नाही. जुना दावा त्यांनी बंद केला आणि नवा अर्ज घालायला सांगितलं. तो मी स्वतःच नेऊन दिला. साक्षीदारांचा रकाना कोरा आहे. अंकिताबाईंनी माझ्याच नावाने लावला, संगणकातही घातला. मागितला की लगेच सापडेल. त्यात काही नाही.

पेज वेळेवर खात जा. माया आहे तशीच आहे.
देवकी