सरकत्या दाराची गाडी

प्रिय रजनी,

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणून तू हसशील. पण फोनवर गाडीचा विषय निघाला की नेमकी तुझ्या कुकरची शिट्टी होते. महाळुंग्याच्या अकराव्या मजल्यावर दिवसातून इतक्या वेळा भात कसा शिजतो, देव जाणे! कागदावर शिट्टी ऐकू येत नाही, म्हणून इथे गाठतेय तुला.

रविवारी दुपारी आपली कॉम्प्युटरवरची शर्यत संपली आणि तू लगेच कॉम्प्युटर बंद करून पसार झालीस. इथे आपल्या भरे गावात नंतर काय झालं ते तुला कळलंच नाही. आमचे मामंजी, शहात्तर वर्षांचे कुशाबा, खुर्चीवरून असे उठले की हातातला खेळाचा रिमोट, त्याची वायर आणि चहाचा कप सगळं एकदम जमिनीवर. "लई भारी काढली रजनीनं गाडी!" असं ओरडत गुळाची ढेप फोडून आळीत वाटत सुटले. शेजारच्या तुळजाबाईंनी विचारलं, सून जिंकली का? तर म्हणे, "न्हाई, सुनंची मैत्रीण. सून हाय तितंच हाय." ऐकलंस? घरचं कौतुक हे असं.

खरं सांगायचं तर हा खेळ मी हौसेनं सुरू केला नव्हता. दीड वर्षापूर्वी लवळ्याच्या फाट्यावर तू डावीकडे वळत होतीस तेव्हा तो डंपर तुझ्या व्हॅनला घासून गेला. पोरांना साधं खरचटलंही नाही, चूक डंपरवाल्याची, तसं पोलिसांनीही लिहिलं. तरी तू त्याच दिवशी गाडी सोडलीस आणि लेकीकडे जाऊन बसलीस. चौदा वर्षं आपण दोघींनी भऱ्यातली पोरं शाळेत पोचवली. एकीची गाडी रुसली की दुसरी दोन फेऱ्या मारायची. तुझ्याशिवाय सकाळी शाळेच्या दारात उभं राहताना मला अजिबात करमत नाही. तू पुन्हा स्टिअरिंगला हात लावावास, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मग ते स्टिअरिंग खोटं का असेना!

निषादच्या खोलीत तो खेळ पाहिला आणि मला मार्ग सापडला. आमच्या वरच्या खोलीतला हा नांदेडचा भाडेकरू कंपनीच्या कामानं जेवढा दमत नसेल, तेवढा आपल्याला शिकवून दमला. तू, मी, मामंजी आणि निषाद असा चौघांचा एक संघ, समोर कॉम्प्युटरच्या चार गाड्या, आणि चौघांचे गुण एकत्र. म्हणजे एकटीनं पुढे पळून उपयोग नाही. पहिल्या दिवशी शर्यत सुटली आणि मी आधी मान वळवून मागचं दार लागलंय का ते बघितलं. मागे होती स्वयंपाकघराची भिंत! पुढच्या शर्यतीत तर शेवटच्या रेषेपाशी गाडी थांबवून तुझी वाट बघत बसले. आपलं माणूस मागे असताना मी पुढे कशी जाणार? निषाद डोकं धरून ओरडतोय, "काकू, रेषा ओलांडा हो!" आणि कॉम्प्युटरच्या चारही गाड्या माझ्या शेजारून गेल्या. आपण सलग अकरा वेळा हरलो त्यातल्या सहा पराभवांचं श्रेय माझं. उरलेले पाच तुझे, कारण तू प्रत्येक डाव्या वळणावर ब्रेक दाबून डोळे मिटायचीस. मिटायचीस ना? मला हेडफोनमधल्या तुझ्या श्वासावरून कळायचं.

आणि त्या गाड्या तरी कसल्या! पोट जमिनीला घासणाऱ्या, दोन माणसांच्या. मामंजींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ह्यात बकरू बसंल का? न्हाई ना? मंग ही गाडी कसली?" ते मला पटलं. कोणती गाडी हवी ते खेळाडूंनी लिहावं, अशी सोय कंपनीच्या वेबसाइटवर आहे. सगळे आणखी वेगवान गाडी मागतात. मी निषादकडून लिहून घेतलं: आम्हाला नाक नसलेली, सरकत्या दाराची, चढावर कुरकुरणारी पण रोज सकाळी पावणेसातला सुरू होणारी गाडी द्या. निषाद म्हणाला, काकू, कोणी वाचणारही नाही. पण इंडोनेशियातल्या कोणा माणसानं लिहिलं की त्याचे वडील अशाच गाडीतून भाजी विकायचे. मग पेरूमधली एक नर्स आली, मग आणखी कोण कोण. प्रत्येकाला आपापल्या घरची साधी गाडी हवी होती गं! महिनाभरात हजारावर मतं पडली आणि गेल्या आठवड्यात गाडी आली. नाव वेगळं आहे, पण तोंडवळा आपल्या ओम्नीचाच.

रविवारी आम्ही तिघांनी नेहमीच्या गाड्या घेतल्या. ती मात्र तू घेतलीस, आणि कुणाला न विचारता. घाटातल्या त्या आंधळ्या डाव्या वळणावर समोरून ट्रक आला तेव्हा माझाच पाय ब्रेकवर गेला. तू लांब हॉर्न दिलास, गाडी आत घेतलीस आणि निघून गेलीस. ब्रेक नाही, काही नाही. आपण पहिल्यांदा जिंकलो. मला रडू आलं, रजनी. निषादला वाटलं, मी जिंकल्यामुळे रडतेय.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते. तुझी व्हॅन विकायला दिली होतीस आणि मी दर महिन्याला गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून सांगत आले. खोटं बोलले. गिऱ्हाइकं चार आली होती, चौघांनाही मीच हाकललं. गाडी गोठ्याशेजारी झाकून ठेवलीय, दर शुक्रवारी चालू करते, आणि मागच्या महिन्यात पासिंगही करून घेतलं. रागावायचं तर पोटभर रागाव, पण समोर रागाव. जूनपासून शाळेला आणखी एक व्हॅन हवीय. मी तुझं नाव दिलेलं नाही, ते तूच द्यायचं. येत्या रविवारी नऊ वाजता तुझ्या बिल्डिंगखाली तुझी गाडी घेऊन येतेय. येताना मी चालवेन. परत जाताना मात्र मी डाव्या बाजूला बसणार, आणि आपण लवळ्यावरूनच जाणार.

तुझीच,
साधना