तेओची आई

३ मार्च, रविवार
पोचले एकदाची! सीमेपलीकडच्या आमच्या तुपीसाहून दोन दिवस बसमध्ये बसून पायांचे भोपळे झालेत, पण बुएनोस आयरेसने मन खूश केलं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. यानिना स्वतः खाली येऊन माझी ट्रंक धरून वर चढली. ती कोर्दोबाची, या घरातली जुनी भाडेकरू. आल्या आल्या तिने माते, म्हणजे इथला कडू पाल्याचा चहा, तुंब्यात भरून हातात दिला. मी साखर मागितली तर म्हणाली, साखर आजारी माणसांना. माझ्या खोलीला चांगली मोठी खिडकी आहे. पलीकडची बिनखिडकीची खोली रिकामी. यानिना म्हणते ती कुणी घेणार नाही. नकोच कुणी. आम्ही दोघी पुरे.

१० मार्च, रविवार
बिनखिडकीची खोली गेली. दाल्मा नाव, पॅराग्वेची. माझ्यासारखीच वैद्यकीच्या पहिल्या वर्षाला. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी. आईबाप नाहीत, नन्सच्या आश्रमात वाढली. दर रविवारी दुपारी आईचा फोन येतो. तसा आज आला, तर ही पॅसेजमध्ये उभी राहून ऐकत होती. मी उगाच थोडं मोठ्याने बोलले.

२१ मार्च
हाडांच्या वर्गात सरांनी विचारलं, मी हात वर करेपर्यंत दाल्माने सांगून टाकलं. घरी येऊन बघते तर यानिना तिच्याबरोबर माते पीत बसलेली, दोघी खिदळतायत. मला तुंबा दिला तो तिसऱ्यांदा पाणी घातलेला, पाणचट. कद्रू मन आहे माझं, कळतं मला. पण पोटात दुखायचं ते दुखतंच.

१४ एप्रिल, रविवार
चाचणीत दाल्मा पहिली. मी सतरावी. यानिनाने तिच्यासाठी केक केला. मी म्हटलं, डोकं दुखतंय. केकचा तुकडा मात्र खाल्ला.
आईच्या फोनवर तासभर लाडात बोलले. आपल्या धाकट्या फेर्मीनच्या थडग्यावर फुलं ठेवलीस का, तुझ्या हातच्या तामालना गिऱ्हाईक आहे का, आई ग, तुझी फार आठवण येते. दाल्मा तिच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे बघत बघत बोलले. मार्क घे, यानिना घे. हे कुठून आणशील?

२८ एप्रिल, रविवार
आज मी न्हाणीघरात असताना आईचा फोन दाल्माने घेतला. बाहेर आले तर ही हसतेय, पलीकडे आई हसतेय. नंतर आई मलाच सांगते, किती गुणी पोर आहे ग, किती मायेने बोलते!
अंगाचा तिळपापड झाला. फोन ठेवला आणि ओरडलेच तिच्यावर. सगळंच हवं ना तुला? घे, आईही घे माझी!
ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. हळूच म्हणाली, "खरंच देतेस?"
मी म्हटलं, "हो, घे."

१ मे
सुट्टी. दाल्माने तामाल केले. मक्याच्या पिठात सुकं मांस, लाल मिरची, वर मक्याच्या पानाची ती उलटी गाठ. ती गाठ अख्ख्या तुपीसात फक्त आई बांधते. मी तिला कधी दाखवली नव्हती.
चव तीच. एकही खाववला नाही.

१२ मे, रविवार
फोन मीच घेतला. आई म्हणाली, कोण? म्हटलं, मी, तेओ. तर म्हणाली, "थट्टा नको ग पोरी. तेओला बोलाव."
दाल्माने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. "हं, आई," म्हणाली. आमच्या गावच्या हेलात. माझ्या आवाजात.

१६ मे
तोंडी परीक्षा. नाव सांगितलं, कारकुनाने यादी बघितली. तेओदोरा चोके सकाळीच देऊन गेली म्हणाला, उत्तम झाली म्हणे. मी ओळखपत्र पुढे केलं. त्याने फोटो बघितला, मग मला बघितलं, आणि ओळखपत्र खणात टाकलं. म्हणाला, ज्याचं आहे त्याला देईन.

२० मे
माझे कपडे बिनखिडकीच्या खोलीत. पेटीत घड्या घालून. यानिनाला विचारलं, तर कपाळाला हात लावून बघते, म्हणते, दाल्मा, ताप आहे का ग तुला? थट्टा नव्हती ती. तिचे डोळे बघितले मी.
आरशात मी मीच आहे. नाक तेच, हनुवटीवरचा व्रण तोच. मग इतरांना का —

२७ मे
आमच्या देशात आज मातृदिन. आई इथे आली. मला कुणी सांगितलं नाही, यानिनाच्या तोंडून ऐकलं. धावत बसस्थानकावर गेले. आई उतरली. मी तिला मिठी मारली. तिने पाठ थोपटली, अनोळखी पोरीची थोपटावी तशी. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे, दाल्माकडे बघितलं आणि ढसढसा रडली. "तेओ! माझं लेकरू!"
मी फेर्मीनचं सांगितलं. तो गेला तेव्हा आम्ही दोघींनीच त्याला न्हाऊ घातलं, बाबांनाही आत घेतलं नव्हतं. आई पांढरीफटक पडली. माझ्याकडे बघेना. दाल्माला म्हणाली, "तेओ, घरातली दुःखं परक्यांना सांगतात का ग?"
ती खाली मान घालून म्हणाली, चुकले.

२८ मे, सकाळ
दोघी स्वयंपाकघरात. हसतायत. दार ढकललं तर गप्प होतात —

दुपार
आई ताट घेऊन आली. जवळ बसली. केसांवरून हात फिरवला — तोच हात, मिरचीच्या वासाचा. विचारलं, "तुला कुणीच नाही ना ग, पोरी?"
तोंडून जाणारच होतं — नाही. कुणी नाही.
का जाणार होतं? आणि हे काय आठवतंय — पहाटेची घंटा, ओळीने खाटा, नन्सचे काळे झगे — मी कुठे पाहिले हे? आमच्या घराचं दार कुठल्या रंगाचं? निळं. निळंच ना? फेर्मीन — फेर्मीन केवढा होता —
लिहून ठेवते. मी तेओदोरा चोके. तुपीसाची. आईचं नाव

पुन्हा पावलं. आई दारात. हात पुढे केलाय. म्हणते, ती तेओची वही दे बघू पोरी, कधीची शोधतेय ती —
नाही, आई, अक्षर तरी बघ, हे माझं