डिझेल तोडलं तरी

ता. ३ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी वहिनी फोनवर रडली असणार, तेव्हा बातमी तुला कळलीच आहे. मला फोनवर बोलायला लावू नकोस. उभं आयुष्य इंजिनांच्या धडधडीत गेलं, कान कामातून गेलेत. समोरच्याने तब्येत विचारली तर मी वेळ सांगतो.

तर यकृतात गाठ आहे आणि ती चांगली नाही. दारूचा थेंब कधी घेतला नाही हे मी मोठ्या डॉक्टरांना बजावून सांगितलं. ते म्हणाले, तरुणपणी झालेली ती कावीळ आत घर करून बसली होती. फुप्फुसातही ठिपके दिसतात, म्हणून कापाकापी करणार नाहीत. महिनाभराने औषध सुरू करायचं आहे. मग त्यांनी काही जनुकं गरजेपेक्षा जास्त काम करताहेत, असं काहीतरी सांगितलं. मी मान डोलावली. वर्कशॉपमध्ये गिऱ्हाईक माझ्यापुढे डोलावतं तशीच, म्हणजे कळलं काहीच नाही.

तू प्रयोगशाळेत रोज असल्याच गाठींचे काप बघत असतेस. रिपोर्ट तुला पाठवायला सांगितला आहे. तो बघ आणि मला माझ्या भाषेत समजाव. बिघाड नेमका कुठे आहे ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

वहिनी आत भांडी आपटते आहे, म्हणजे सध्या रडत नाहीये. तुझा लोभ आहेच, तो या गाठीपेक्षा जरा जास्त वेगाने वाढो.

तुझा,
दादा

ता. ११ मार्च

ती. दादास,
बारकीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग टेबलावर डोकं टेकून बसून राहिले. रिपोर्ट मिळाला. तुझ्या भाषेत सांगायचा प्रयत्न करते.

प्रत्येक पेशीत जनुकं असतात. कधी वाढायचं आणि कधी थांबायचं हे ती ठरवतात. यकृत तसं गुणी असतं. थोडं कापलं तर भरून येतं, आणि भरलं की वाढ आपोआप थांबते. तुझ्या इंजिनावरचा गव्हर्नर हेच करतो, वेग वाढला की डिझेल आवरतो. तुझ्या गाठीत हा गव्हर्नर सुटला आहे. वाढा म्हणणाऱ्या एका जनुकाच्या कितीतरी प्रती झाल्या आहेत आणि सगळ्या एकदम कामाला लागल्या आहेत. अशी पेशी रक्तातली साखर भसाभस ओढते आणि एकीच्या दोन, दोनाच्या चार होत राहते.

आणखी एक जनुक आहे. आपण आईच्या पोटात असताना ते पेशींना जागा बदलायला लावतं आणि पुढे निजून जातं. तुझ्या गाठीत ते पुन्हा जागं झालं आहे. त्यामुळे काही पेशी शेजारणींचा हात सोडून रक्तात उतरतात आणि फुप्फुसात जाऊन बिऱ्हाड थाटतात. ते ठिपके म्हणजे ही बिऱ्हाडं.

ही जनुकं किती पटीने जास्त चालली आहेत ते मला मोजता येतं, दादा. बंद करता येत नाहीत. इतकी वर्षं या खोलीत काढली आणि माझ्या हातात नुसती मोजपट्टी आहे, पाना नाही. पण डॉक्टर जे औषध देणार आहेत ते पुष्कळांच्या गाठीची वाढ काही काळ रोखून धरतं. त्याच्यावर भरवसा ठेव.

मी येऊ का? विचारलं की तू नको म्हणतोस, म्हणून पुन्हा विचारते. वहिनींना नमस्कार, आणि लोभाचं काय ते तुझं तू बघ.

तुझी,
बारकी

ता. १९ मार्च

चि. बारकीस आशीर्वाद.

शाब्बास! इतकं स्वच्छ मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. पत्र वर्कशॉपमध्ये नेऊन इंजिनाशेजारी उभा राहून पुन्हा वाचलं. गव्हर्नर सुटलेली इंजिनं मी या हातांनी आवरली आहेत, तेव्हा आता तू नुसती मोजत बस, पुढचं मी बघतो. औषध सुरू होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचा माझा स्वभाव नाही.

यायची घाई करू नकोस. मी बरा होऊन तुझ्याकडे येतो, तुमची यंत्रं बघायची आहेत. वहिनीने फोनवर काही तक्रार केली तर मनावर घेऊ नकोस, तिला उगाच आकांडतांडव करायची सवय आहे.

लोभ तेवढा चालू ठेव, त्याला गव्हर्नर नको.

दादा

ता. ८ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

यांना न सांगता लिहिते आहे. फोन केला असता, पण हे समोरच बसलेले असतात आणि यांना नको तेवढं बरोबर ऐकू येतं.

वन्सं, तुम्ही यांना काय लिहिलंत? तुमच्या पत्रापासून यांनी जेवण तोडलं. आधी साखर सोडली, मग फळं, मग धान्य. आता उकडलेल्या भाज्यांचं पाणी तेवढं पितात. ताट पुढे केलं की म्हणतात, सुटलेल्या इंजिनाला डिझेल घालतेस का. विनवलं, भांडले, अबोला धरला. हे ढिम्म. वर गालातल्या गालात हसून सांगतात की ही युक्ती मोठ्या डॉक्टरांनाही सुचली नसती. पँट कमरेवर राहीना, तर पट्ट्याला ड्रिलने नवं भोक पाडलं आणि काम फत्ते होत असल्यासारखं मला दाखवलं.

काल औषध सुरू करायला गेलो होतो. मोठ्या डॉक्टरांनी वजन बघितलं, रक्त बघितलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाले, औषध झेलायला अंगात काहीतरी हवं. अशा अंगावर दिलं तर गाठीच्या आधी औषधच यांना नेईल. अंग भरू द्या, मग बघू.

हे कोणाचं ऐकतात का, असं तुम्ही म्हणाल. पण समोरचं भरलेलं ताट रोज मीच उचलून नेत होते, वन्सं. यांच्या तोंडात घास कोंबायला हवा होता. तुम्हीच काहीतरी लिहा. तुमची माया आमच्यावर आहे, तिचा आता उपयोग करा.

तुमची,
वहिनी

ता. ११ एप्रिल

ती. दादास सा. न.

आधी जेव, मग पुढचं वाच.

मी गव्हर्नर लिहिलं ते समजावून सांगण्यासाठी, दुरुस्तीसाठी नव्हे. गाठ तुझ्या ताटातून खात नाही रे, तुझ्यातून खाते. तू उपाशी राहिलास तर ती तुझे स्नायू वितळवून घेते, आणि औषध झेलणारं अंगच उरत नाही. साखर ओढते हे मी लिहिलं आणि हे लिहिलं नाही. पत्र सोपं ठेवायचं होतं मला. तू वाचून खूश व्हावंस असं वाटत होतं.

राग माझ्यावर काढ, ताटावर काढू नकोस. थोडं थोडं, दिवसभर, जे जाईल ते खा. हात जोडते. मी येते म्हटलं तर या वेळी नको म्हणू नकोस.

बारकी

ता. २ मे

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

अक्षर बघून घाबरू नकोस, उशीला टेकून लिहितो आहे.

तुझं पत्र वाचलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. सुटलेल्या इंजिनाचं डिझेल तोडलं की ते थांबतं, असं नवशिक्याला वाटतं. पण कित्येकदा ते थांबत नाही. स्वतःच्याच चेंबरमधलं ऑइल ओढून जाळायला लागतं आणि जाम होईपर्यंत पळत सुटतं. तेव्हा हवेच्या तोंडावर, म्हणजे इंजिन हवा ओढतं तिथे, पोतं दाबून धरावं लागतं, मग कुठे गुदमरून बंद पडतं. हे मी स्वतः केलं आहे. आणि तरी स्वतःच्या वेळी नवशिक्यासारखा वागलो. माझ्या हवेचं तोंड कुठे आहे ते तुझ्या पत्रात नाही. नसणारच. ठाऊक असतं तर तू पोतं घेऊन धावत आली असतीस.

आता खायला बसतो, पण अन्न आत राहत नाही. पोटात पाणी झालं आहे आणि डोळे पिवळे. परवा मोठे डॉक्टर औषधाबद्दल बोललेच नाहीत. झोप लागते का, एवढंच विचारलं. तेवढं मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. तू इतक्यात येऊ नकोस, असा मी तुला बघवणार नाही.

एक काम कर. तुझी वहिनी स्वतःला पोखरते आहे. ताट मी उचललं, मी उचललं, असं दिवसभर चालतं. माझं ती ऐकत नाही, पण तुझं ऐकेल. तिला लिही की हे जेवले असते आणि औषध वेळेवर मिळालं असतं, तरी काही फरक पडला नसता. जरा जड शब्द घाल, म्हणजे पटेल.

दादा

ता. ६ मे

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

दादाचा रिपोर्ट मी पुन्हा नीट तपासला. त्याच्या गाठीतली जनुकं अगदी सुरुवातीपासून इतकी अतिसक्रिय होती की हे औषध त्यांच्यापुढे चाललंच नसतं. दादा जेवला असता तरी हेच झालं असतं. तुम्ही ताट उचललंत त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. हे मी घरची म्हणून नाही, या कामातली म्हणून लिहिते आहे.

तुम्ही स्वतः वेळेवर जेवत जा. माया आहे तशी राहू द्या.

बारकी

ता. ६ मे

ती. दादास सा. न.

वहिनींना लिहिलं, तू सांगितलंस तसं. जड शब्दही घातले.

रिपोर्ट मी खरंच पुन्हा काढला होता. फरक पडला असता की नाही, हे त्यात कुठेच नाही. कदाचित काही महिने मिळाले असते, कदाचित नसतेही. कोणत्याही यंत्रावर ते मोजता येत नाही. इथे रोज लोकांच्या गाठी येतात, मी आकडे लिहून परत पाठवते, आणि तुझ्या बाबतीत मी काय केलं, तर एक सोपं पत्र लिहिलं.

वहिनींना मी लिहून दिलं. मला तसं कोण लिहून देणार, दादा?

तुझी,
बारकी

ता. १२ मे

बारके,

तुझ्या पत्राने काम केलं. वहिनीने ते दोनदा वाचलं, घडी करून उशीखाली ठेवलं आणि काल पोटभर जेवली.

तुझ्यासाठीही तसंच पत्र लिहायला बसलो होतो. लिहिलं आणि फाडलं. वहिनीशी खोटं बोलायला तुझी मदत घेतली, तुझ्याशी बोलायला कोणाची घेऊ? फरक पडला असता कदाचित. तू सोपं लिहिलंस आणि मी अर्धवट शहाणा निघालो, दोघांनी मिळून केलं. मला राग नाही. पण तेवढ्याने तुझं ओझं उतरणार नाही, हेही कळतं मला.

येऊ नकोस म्हणत होतो, ते मागे घेतो. ये. आता काही समजावून सांगू नकोस, मीही काही दुरुस्त करणार नाही. नुसती शेजारी बस. लोभ पत्रातून वाढवायला आता वेळ नाही, तो इथे येऊन घेऊन जा.

दादा