विनापरवाना स्नेहन

तीर्थरूप मामांना (आणि चष्मा हाताशी असल्यामुळे हे पत्र आधी वाचणाऱ्या मामींनाही) भाचीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? उठताना तो कुरकुरतो, असं मामींनी फोनवर सांगितलं. भाची इस्पितळात नर्स असताना गुडघा कुरकुरतो म्हणजे काय, असा त्यांचा सूर होता. मामा, तो गुडघा घेऊन चुकूनही आमच्याकडे येऊ नका. इथे हाडांचा विभाग वेगळा, नसांचा वेगळा, आणि कुरकुरीचा कुठलाच नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. गेला महिनाभर मी आमच्या वॉर्डाच्या दाराची कुरकुर घेऊन दारोदार फिरते आहे.

हे दार उघडलं की असं किंचाळतं की भूल उतरायच्या आधी पेशंट जागा होतो. दाराजवळच्या खाटेवर एक आजी आहेत, हृदयाचं ऑपरेशन झालेल्या. दार वाजलं की त्या मान उचलतात, कारण परगावचा मुलगा ‘कधीही येईन’ म्हणून सांगून गेलाय. येतं कोण, तर लादी पुसणाऱ्या मावशी, नाहीतर इंजेक्शन घेऊन मी. आजी पुन्हा मान टाकतात. डॉक्टर म्हणतात, यांना झोप हवी. मला ते रोज बघवेना, म्हणून देखभाल विभागात गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, दार लाकडी की लोखंडी? दार लाकडी, बिजागरी लोखंडी, असं मी (फिटरची भाची, म्हणून मान ताठ करून) सांगितलं. तिथेच घोटाळा झाला. सुतार म्हणाला बिजागरी माझी नाही, फिटर म्हणाला दार माझं नाही, आणि आवाज हा मुळात गुणवत्ता विभागाचा यावर दोघांचं एकमत झालं. (त्यांचं एकमत झालेलं इथे प्रथमच कोणी पाहिलं.) गुणवत्ता विभागाचे साहेब आवाज मोजायचं यंत्र घेऊन आले. पण साहेब येणार म्हणून शिपाई आधीपासूनच दार उघडं धरून उभा! आवाज शून्य. तरी आल्यासारखं काहीतरी करावं म्हणून त्यांनी दारावर ‘शांतता राखा’ अशी जाडजूड पितळी पाटी ठोकली. पाटीच्या वजनाने दार दुप्पट रडायला लागलं.

शेवटी मी बालविभागातल्या मैत्रिणीकडून बाळांच्या मालिशचं तेल आणलं आणि बिजागऱ्यांना चांगलं चोळून लावलं. दार एकदम गप्प. (बाळंसुद्धा इतकी होत नाहीत.) मेट्रनबाईंनी पाठ थोपटली असेल, असं तुम्हाला वाटेल. त्यांनी नोटीस काढली : ‘विनापरवाना स्नेहन का केले, याची कारणे दाखवा.’ स्नेहन म्हणजे तेल लावणं, हे मला शब्दकोशात बघून कळलं. तोवर मी धास्तावले होते, कारण मला वाटलं की एक्स-रेवाल्याशी मी मारते त्या गप्पांबद्दल कोणीतरी चहाडी केली. (मामी, तसं काही नाही.)

नोटिशीचं मला एवढं वाटलं नाही. शनिवारी आजींचा मुलगा आला. दार वाजलं नाही. आजी कितीतरी दिवसांनी गाढ झोपल्या होत्या. त्यांना उठवायचं त्याच्या जिवावर आलं. थोडा वेळ बसला, उशाशी सफरचंदं ठेवली आणि परतीची गाडी गाठायला निघून गेला. मी असते तर उठवलं असतं, पण मी तेव्हा मेट्रनबाईंच्या टेबलासमोर कारणे दाखवत उभी होते. आजी जाग्या झाल्या, सफरचंदं बघून काय ते समजल्या. मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दार वाजायचं तेच बरं होतं गं. कोणीतरी येतंय असं तरी वाटायचं." मामा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाकी सगळं ठीक आहे. जेवणाची आबाळ नाही, असं आईला सांगा. मामींना पुन्हा नमस्कार.

तुमची,
(मामींच्या मते तुम्हीच लाडावून ठेवलेली) भाची

ता. क. : तेल प्यालेली बिजागरी पुन्हा वाजती कशी करतात? स्पिरिटने पुसली तर चालेल का? तुम्ही जन्मभर मशीनं गप्प केलीत, उलटी विद्याही येत असेलच. सगळ्या नर्सांचाही आग्रह आहे. दार गप्प झाल्यापासून मेट्रनबाई न वाजता आत येतात आणि आम्ही हातात चहाचे कप घेऊन सापडतो.

आणखी एक ता. क. : पत्राने भागायचं नाही, तुम्हीच या. (वर गुडघ्याबद्दल लिहिलं ते मनावर घेऊ नका.) आजींना भेटायचा पास काढून ठेवलाय. नात्यापुढे ‘भाऊ’ लिहिलंय. आजींची हरकत नाही, म्हणाल्या, "भाऊ कसला आहे ते आधी बघते." तेव्हा आधी त्यांच्यापाशी बसा, बिजागरीचं मागाहून बघू. आणि येईपर्यंत गुडघ्याला तेलबिल काही लावू नका. दार तर आता वाजायचं नाही, तुमचा गुडघा तरी वाजू दे.