यादीत नसलेलं नाव

मॅडम,

आज दुपारी ऑफिसात एक नवी मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली. तिच्या प्रोग्राममध्ये सर्व्हरवरच्या एका गटातले सगळे दिसत होते, एकच माणूस दिसत नव्हता. मी पडद्याकडे नीट पाहायच्या आधीच विचारलं, "त्याचा मूळ गट कोणता?" ती म्हणाली, "हाच." मग मी तिला तुमच्यासारखंच समजावलं. सी भाषेतल्या getgrnam या फंक्शनला गटाचं नाव दिलं की सदस्यांची यादी मिळते, पण त्या यादीत मागाहून जोडलेलेच असतात. ज्याचं खातंच त्या गटात उघडलं, त्याचं नाव तिथं बहुधा नसतं. ते खात्यांच्या फाईलमध्ये शोधावं लागतं. "तुम्हाला इतक्या लवकर कसं कळलं?" तिनं विचारलं. "माझ्या मॅडमनी शिकवलं," मी म्हणाले. उत्तर अर्धंच होतं.

पुसदच्या कॉलेजातली ती लॅब. अब्बांच्या गॅरेजमध्ये कामाला हात लावून मी थेट यायची, बोटांना ग्रीसचा वास असायचा, आणि तुम्ही एकदाही नाक मुरडलं नाही. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत सगळ्यांच्या फाईली गोळा करणारा प्रोग्राम लिहायचं काम तुम्ही मला दिलंत. त्या आठवड्यात मी घरात कुणाशी धड बोलले नाही, एवढी मी मोठी झाले होते. आम्ही सगळे जुने, आमची नावं वर्गाच्या गटात मागून जोडलेली. मुकुटबनची माझी मैत्रीण उशिरा आलेली, म्हणून तिचं खातं तुम्ही थेट त्या गटातच उघडलं होतंत. माझ्या प्रोग्रामनं सगळ्यांच्या फाईली उचलल्या, तिची सोडून. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिच्या नावापुढं गैरहजर लिहिलं.

ती उभी राहते. "सर, मी तं इथंच बसली होती. गैरहजर काहून?" तुम्ही माझा कोड वरून खाली एकदा वाचता आणि परीक्षकांना म्हणता, "प्रोग्राम माझ्या देखरेखीत झाला. चूक माझी. तिची फाईल तिच्या खात्यात आहे, फाईलवरची वेळ बघून घ्या." त्यांनी ते तुमच्याकडून लिहून घेतलं तेव्हा कुठं तिचे गुण लागले, आणि प्राचार्यांचा मेमो तुम्हाला मिळाला. बाहेर पायऱ्यांवर तुम्ही मला गाठलंत. "यादीत नाव नाई म्हणून माणूस नाई, असं कोणं शिकवलं तुले? पोरगी समोर बसली होती ना तुह्या!"

एवढं बोलून तुम्ही आम्हा दोघींना घरी जेवायला नेलंत. तुमच्या स्वयंपाकघरात तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी होती. मी ताटाशी बसून रडत होते. "रडून राह्यली कायले? भाकर थंडी होते," तुम्ही म्हणालात, आणि मैत्रिणीनं तिच्या ताटातला ठेचा माझ्या ताटात सरकवला. जेवण झाल्यावर तुम्ही चुलीजवळच्या फळीवरून पुस्तक काढलंत, सी चं, हळदीचे डाग पडलेलं, आणि ते मला दिलंत. मेमो मिळालेल्या दिवशी. मला ते अजून नीट कळलेलं नाही.

मॅडम, तुम्हाला वाटलं मला माहीत नव्हतं. आदल्या दिवशी मी प्रोग्राम चालवून पाहिला होता. वर्गात चोवीस जण, पडद्यावर तेवीस नावं. तुम्ही दारातून विचारलंत, "तपासलं ना वो सगळं?" मी "हो मॅडम" म्हणाले. तुम्ही माझं कौतुक करत होतात, आणि मला ते तिथंच थांबवायचं नव्हतं. कोणाचं नाव नाही हेही मी पाहिलं नाही. पायऱ्यांवर, ताटाशी, नंतर इतक्या वर्षांत तुम्ही असेपर्यंत, सांगायला पुष्कळ जागा होत्या.

माझी ती मैत्रीण आता मुकुटबनला ग्राहक सेवा केंद्र चालवते. ईदला न चुकता फोन करते, तुमची आठवण काढते आणि म्हणते, "मॅडमनं आपल्यासाठी किती सोसलं." मी दर वेळी "हो ना" म्हणते. तिलाही मी सांगितलेलं नाही.