अप्पांच्या पेल्यातलं पाणी

दि. ९ फेब्रुवारी

चि. धाकूस,
अ. उ. आ.

अप्पांना काल दवाखान्यातून घरी आणलं. दारातच बसले आणि पहिली चौकशी केली ती ठमी म्हशीची, की मागे तिने दूध किती दिलं. मी आठ रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर पाठ टेकली, पहाटे धारेपुरती घरी धावले, पण माझा नंबर म्हशीनंतर. चालायचंच.

डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या नळीत चरबी साठली आहे, म्हशीचं घट्ट दूध बंद. प्यायचंच तर साय काढून, निम्मं पाणी घालून, दिवसाला एक पेला. अप्पांनी तिथे मुकाट मान डोलावली आणि घरी आल्यावर मला सुनावलं, की चाळीस वर्षं घरोघर दूध घातलं, त्यात पाण्याचा थेंब पडू दिला नाही, आता स्वतःच्या पेल्यात पडू देणार नाही. पाणचट दूध देणार असशील तर जेवणही नको. आणि खरंच दोन वेळा जेवले नाहीत. मी समजावलं, ओरडले, शेवटी रडले. पालथ्या घड्यावर पाणी.

पहाटे धार काढायची, मग गिऱ्हाइकांची दारं, मग गोठा, मग अप्पांच्या गोळ्या. आपली शिंगं म्हशीला जड होत नाहीत म्हणतात; मला होऊ लागली आहेत. दोन दिवस तरी येऊन जातोस का?

तुझी
ताई

दि. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र छापखान्यातच वाचलं. शाळेच्या पुस्तकांचं काम अंगावर आहे, दोन्ही यंत्रं एका क्षणाची उसंत देत नाहीत. मालक रजेचं नाव काढू देत नाही. जरा हातावेगळं झालं की येतोच.

इथे आरोग्याची एक पुस्तिका छापतो आहोत, तिचे अक्षरांचे खिळे जुळवून तपासताना मी निम्मा डॉक्टर झालो आहे. म्हशीच्या दुधात गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट स्निग्धांश. वजन वाढतं, पचायला जड, हृदयरोग्याने जपून. पण प्रथिनं जास्त आणि कॅल्शियमही जास्त, म्हणजे हाडांना उत्तम. तेव्हा अप्पांचं दूध तोड आणि तू पोटभर पी! तू तर कायम पाठीला हात लावून उभी असतेस.

आणि जेवण सोडून बसले तर एक दिवस खरंच उपाशी ठेव. भूक लागली की येतील ताळ्यावर. अप्पांना शि. सा. न.

तुझा
धाकू

दि. २ मार्च

चि. धाकूस,
अ. उ. आ.

वा रे डॉक्टर! हृदयाच्या दुखणेकऱ्याला उपाशी ठेव म्हणे. लांबून सल्ला द्यायला काय जातं? तुझ्या पत्रांवर मी दुधाची तहान ताकावर भागवते आहे, एवढं लक्षात असू दे.

आता एक गोष्ट सांगते, ती पोटात ठेव. मी अप्पांच्या दुधात पाणी घालते. गिऱ्हाइकांचं दूध मोजून झालं की उरलेलं तापवते, साय काढते आणि त्यात तेवढंच पाणी ओतते. पहिल्या दिवशी तांब्या दोनदा खाली ठेवला. तुला ठाऊक आहे, अप्पा अंगठ्याच्या नखावर थेंब ठेवून दूध पारखायचे. घट्ट दुधाचा थेंब उभा राहतो, पाणी घातलेला घरंगळतो. पण त्यांनी नख पुढे केलं नाही. सगळं प्यायले, मिशी पुसली आणि म्हणाले, छान आहे. जेवलेही. म्हातारपणी जीभ गेली बिचाऱ्यांची, असं वाटून मलाच भरून आलं.

आम्ही दोघं सकाळी उंबऱ्याशी बसून दूध पितो. माझ्या पेल्यात घट्ट दिसलं तर चोरी उघडी पडेल, म्हणून मीही त्याच पातेल्यातलं घेते. नाहीतरी मला दुधाची सवय कुठे होती? लहानपणी आधी गिऱ्हाईक, मग तू, आणि मला दुधाचा रंग आलेला चहा. तक्रार नाही, आठवलं म्हणून लिहिलं. आजकाल उभ्या उभ्या झोप येते.

तुझी
ताई

दि. १५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शाबास! चाळीस वर्षांच्या सचोटीला तू महिनाभरात बुडवलंस. तुझं गुपित पोटात आहे. अप्पा जेवताहेत हे वाचून घोर मिटला. आता तिकडचं सुरळीत झालंच आहे, तर मी पुस्तकांचं काम संपवूनच येतो. पाठीला शेक घे.

तुझा
धाकू

दि. ४ एप्रिल

चि. धाकूस,
आशीर्वाद.

मी सहसा पत्र लिहीत नाही. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

परवा तुझी ताई गोठ्यात घसरली. साधंच पडणं, पण उजवं मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि मला म्हणाले, पन्नाशीच्या बाईची हाडं सत्तरीची झाली आहेत, एका दिवसात झालेलं नाही हे. दूध पिता का विचारलं. ती म्हणाली, रोज पेलाभर, म्हशीचं. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

घरी आलो. तिचा सकाळचा पेला अर्धा तसाच होता. मी थेंब नखावर घेतला. घरंगळला.

माझ्या दुधात ती पाणी घालते हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मांजर डोळे मिटून दूध पितं, म्हणून जगाचे डोळे मिटत नाहीत. मी बोललो नाही, कारण ती माझ्यासाठी रडली होती. छान आहे म्हणालो की तिच्या जिवाला तेवढीच स्वस्थता. पण मला वाटलं, ती आधी आपला पेला भरत असेल आणि मग उरलेल्यात पाणी घालत असेल. दूधवाल्याच्या पोरीला एवढी अक्कल असेल असं मी धरून चाललो. चूक तिची नाही. आधी गिऱ्हाईक, मग घर, हे मीच तिला शिकवलं. गावभरच्या पोरांची हाडं मी घट्ट केली आणि माझ्या पोरीची पोकळ निघाली. हे मला सहन होत नाही.

ठमी परक्या हाताला पान्हा सोडत नाही. काल मीच धारेला बसलो. अर्ध्यातच छाती भरून आली. ताईला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. तू लहानपणी माझ्या शेजारी बसून धार काढायचास, म्हैस ते विसरली नसेल.

पत्रातून धार निघत नाही. ये.

अप्पा

दि. ७ एप्रिल

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आत्ता मिळालं. उद्या सकाळच्या गाडीने निघतो; हे पत्र आज रात्रीच्याच गाडीवाल्याकडे देतो, म्हणजे माझ्याआधी पोहोचेल. मालकांना सांगितलं, विचारलं नाही. कृपा करून धारेला बसू नका. मी चुकलो.

तुमचा
धाकू

दि. २९ मे

चि. धाकूस,
अ. उ. आ.

पोहोचल्याचं पत्र मिळालं. दीड महिन्यात तुझ्या बोटांना घट्टे पडले, ते आता खिळ्यांना टोचत असतील. पहिल्या दिवशी ठमीने तुला लाथ घातली तेव्हा मला किती दिवसांनी हसू आलं! तिने माझ्या वतीने घातली असं समज.

प्लास्टर निघालं. बोटं अजून नीट वळत नाहीत. तू धारेला लावून दिलेली गवळ्याची बायको वेळेवर येते. तू शेजारी बसून सवय लावलीस म्हणून ठमी तिलाही दूध देते. थकवा गेला असं खोटं लिहीत नाही, पण काल सकाळी मी सात वाजेपर्यंत झोपले आणि कुणी उठवलं नाही.

अप्पांनी दोन गिऱ्हाइकं सोडली. स्वतः काठी टेकत जाऊन सांगून आले, की आता घरात दूध लागतं.

सकाळी पातेलं आता अप्पाच घेऊन बसतात. आधी माझा पेला काठोकाठ भरतात, थेंब नखावर ठेवून मला दाखवतात. मी पिऊन संपवेपर्यंत उठत नाहीत. मग आपल्या पेल्यात निम्मं दूध घेतात आणि तांब्या उचलतात. पहिल्या दिवशी माझ्यासारखाच त्यांनीही तो दोनदा खाली ठेवला. मी पुढे झाले, तर मला थांबवलं आणि आपल्या हाताने पाणी ओतलं.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस. पुढच्या खेपेला बोलवायची वाट पाहू नकोस.

तुझी
ताई